थरथरणारा दुसरा रिमोट

मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, गेमचा. आणि गेमच्याही दोन रिमोटांपैकी दुसरा. मित्रांनो, हे दुसरेपण आधीच सांगून टाकलेलं बरं. पहिला रिमोट घरातला मोठा मुलगा कुणाला न विचारता उचलतो. दुसरा उरतो, आणि जो माणूस उरतो त्याच्या हातात दिला जातो. म्हणून माणसं ओळखायला माझ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तोंडाने माणूस काहीही सांगतो. अंगठा मात्र खोटं बोलत नाही.

माझा जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात एक इवलीशी मोटर बसवली, स्क्रू पिळले आणि मला पुढे सरकवलं. तिचा चेहरा मी पाहिला नाही, बोटं आठवतात. ही मोटर म्हणजे माझा जीव. गेममध्ये संकट जवळ आलं की ती फिरू लागते आणि मी थरथरतो. संकट जितकं जवळ, तितकी थरथर जास्त.

तिथून मी कुवेतला गेलो. तिथे नोकरीला असलेल्या बॅप्टिस्ट अंकलनी मला, माझ्या जोडीच्या पहिल्या रिमोटला आणि गेमच्या मशीनला खजुराच्या खोक्याशेजारी बांधून वसईला आणलं. त्यांचा मुलगा एडवर्ड हरला की हातातला पहिला रिमोट भिंतीवर मारायचा. तीनदा मारला. तिसऱ्यांदा त्याच्या पोटातली मोटर कायमची बंद पडली. बटणं चालायची, पण त्याच्यात थरथर म्हणून काही उरलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एडवर्ड मोठा झाला आणि कॉलेजला गेला. बॅप्टिस्ट अंकल कुवेत सोडून सातिवलीच्या एका कारखान्यात लागले. तिथे त्यांच्या शेजारच्या टेबलावर श्रीरंग नावाचे गृहस्थ बसायचे. २००६ च्या दिवाळीत अंकलनी आमचं बोचकं त्यांच्या हातात ठेवलं. "घेऊन जा पोरांना. आमच्याकडे माळ्यावर धूळ खातंय." अशा रीतीने मी गोखिवऱ्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. श्रीरंगांची बायको लतिका, आठवीतला मुलगा संकेत आणि चौथीतली मुलगी सुरुची. संकेतने पहिला रिमोट उचलला. मी सुरुचीच्या वाट्याला आलो.

आमच्यासोबत एकच गेम आला होता. एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात दोन माणसं अडकलेली आणि त्यांनी बाहेर पडायचं. पडदा मधोमध दुभंगलेला, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. पहिल्या खेळाडूकडे बॅटरी, दुसऱ्याकडे किल्ल्यांचा जुडगा. बॅटरीशिवाय दिसणार नाही आणि किल्लीशिवाय दार उघडणार नाही. ज्याने हा गेम बनवला त्याच्या मनात फार चांगला विचार असणार, की दोघांनी एकमेकांना धरून राहावं. पण बिचाऱ्याने एक पळवाट ठेवली. दर मजल्याच्या शेवटी एक लिफ्ट होती. दोघांपैकी एक जरी लिफ्टमध्ये पोचला तरी मजला पार. मागे राहिलेला मरायचा, पण पुढच्या मजल्यावर पुन्हा जिवंत होऊन उभा राहायचा.

हॉस्पिटलात एक भूत होतं. सलाईनचा स्टँड ओढत यायचं. दिसायच्या आधी स्टँडच्या चाकांचा आवाज, चर्र, चर्र. आणि आवाजाच्याही आधी मी. मुलांनी त्याचं नाव सलाईनवाला ठेवलं होतं.

आता हिशेब बघा. पहिला रिमोट मुका. थरथरणारा मी एकटा. म्हणजे तो येतोय हे सर्वांत आधी कळायचं ते सुरुचीला. तिचे तळवे गार पडायचे. ती ओरडायची, "दादा, आला!" आणि हे ऐकलं की संकेत बॅटरी घेऊन सरळ लिफ्टकडे धूम ठोकायचा. सुरुचीच्या अर्ध्या पडद्यावर काळोख व्हायचा. मग चर्र, चर्र. मग मी इतका थरथरायचो की तिचे दात वाजायचे.

"दादा, थांब ना!"

"अगं, पुढच्या मजल्यावर जिवंत होतेस ना तू? मग रडतेस कशाला?"

तर्कात चूक काढता येत नव्हती. आठवीतल्या मुलांच्या तर्कात सहसा चूक निघत नाही. नाताळपर्यंत त्यांनी तेच सहा मजले पुन्हा पुन्हा पार केले. त्यात संकेतने बहिणीला मागे टाकलं एकतीस वेळा. तिने त्याला एकदाही नाही. मी मोजत होतो. मला दुसरं काम काय होतं?

तरी तिला माझा राग आला नाही, हे नवल. उलट तिने मनाशी ठरवलं, की हा रिमोट खरं सांगतो. हा थरथरला नाही तर भ्यायचं कारण नाही. झोपताना ती मला उशाशी घ्यायची. मशीनपासून सुटलेली माझी वायर ती माझ्याच भोवती नीट गुंडाळायची आणि मला हात लावून बघायची. मी गप्प. मग ती डोळे मिटायची. मित्रांनो, मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, की बाळ, वायर सुटली की मी नुसतं प्लास्टिक आहे. पण रिमोटला ओरडता येत नाही.

नाताळच्या दिवशी बॅप्टिस्ट अंकलनी सगळ्यांना वसई गावातल्या घरी जेवायला बोलावलं. थेरेसा आंटींनी पानात इतकं वाढलं की श्रीरंग खुर्चीतच पेंगू लागले. मोठ्यांच्या गप्पा रंगल्या, तशी संकेतने हळूच बहिणीला खूण केली. किल्ला तिथून चालत जाण्याएवढा जवळ. अंकलच्या फळीवरची बॅटरी त्याने आधीच खिशात घातली होती.

"किल्ल्यात भुयार आहे. आपण खराखुरा गेम खेळू. बॅटरी माझी, किल्ल्या तुझ्या."

सुरुचीने घराच्या कपाटाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवून आणली होती, म्हणजे बेत आधीचाच. आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीत मी होतो. भुयारात कुणी असलं तर मी आधी सांगेन, म्हणून तिने मला सोबत घेतलं होतं.

समुद्राकडच्या बुरुजाखाली ते भुयार आहे. बाहेर लख्ख दुपार, आत दहा पावलांवर काजळासारखा काळोख. संकेत पुढे, ती मागे. तिचा एक हात पिशवीत, माझ्यावर. छत खाली येत गेलं. दोघं वाकून चालू लागले. एका वळणावर संकेतने बॅटरी वर केली आणि छतच हललं. वटवाघळं. शेकड्यांनी. फडफड, चिरका आवाज, तोंडावरून वारा.

संकेत पळाला.

त्याने विचार केला नव्हता, याची मी साक्ष देतो. दोन महिने रोज संध्याकाळी त्याच्या पायांनी एकच धडा गिरवला होता. भीती वाटली की उजेड घेऊन दाराकडे. तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि धापा टाकत बहिणीची वाट बघू लागला. जणू ती आता शेजारी जिवंत होऊन उभी राहणार होती.

आत तिने मला पिशवीतून बाहेर काढलं. दोन्ही हातांनी धरलं. सगळी बटणं दाबली, एकेक करून, मग सगळी एकदम. मी थरथरलो नाही. वटवाघळं डोक्यावरून जात होती आणि मी दगडासारखा गप्प होतो. मग तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला. तो क्षण मला कळला, कारण तिची पकड सैल झाली आणि मी मातीत पडलो. माझ्या खाचांत ओली घाण भरली. ती भिंतीला चिकटून खाली बसली. हाक मारेना. तोंडातून आवाजच फुटेना.

बाहेर गवत कापणाऱ्या कृष्णाबाईंनी एकट्या उभ्या, पांढऱ्याफटक मुलाला पाहिलं. त्याला दोन प्रश्न विचारले आणि तिसरा न विचारता त्या आत शिरल्या. बॅटरी मागितली नाही. भिंतीला हात लावत, तोंडाने सारखं काहीतरी बोलत आल्या, म्हणजे आत असलेल्याला कळावं कुणीतरी येतंय.

"कोनाची गं तू? घाबरू नको. हा माजा हात. धर. तुजी वस्तू पायाला लागली वाटतं, घे ती पन."

बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. "पानी पी आधी." मग संकेतकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाऊ ना रे तू तिचा? आनि बॅटरी तुज्याच हातात?"

परतीच्या वाटेवर संकेतने तिच्याकडून शपथ घेतली. आईला सांगायचं नाही. तिने मान हलवली. ती तशीही बोलत नव्हती.

इथून पुढचे दिवस मी शोकेसच्या खालच्या फळीवरून पाहिले. तेव्हा आमच्या भागात रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीज जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक लतिकाने फ्रिजला चिकटवलं होतं. पूर्वी वीज गेली की सुरुची टाळ्या वाजवायची, अभ्यास सुटला म्हणून. आता वीज जायच्या अर्धा तास आधीपासून ती घड्याळाकडे बघू लागे. पंखा थांबला की आईचा पदर मुठीत. आई स्वयंपाकघरात गेली की ही मागे. बाथरूमचं दार बंद करायला तयार नाही. शाळेच्या जिन्यात अंधार असतो म्हणून तीन दिवस शाळा बुडाली. मला तिने हात लावला नाही. संकेतशी बोलली नाही, आणि त्याच्यावर रागही काढला नाही. राग काढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो नाना युक्त्या करी. आपल्या वाटचा खाऊ दे, पहिला रिमोट पुढे कर. ती नुसती बाजूला सरकायची. नऊ वर्षांची मुलगी घरात सावलीसारखी वावरत होती, आणि तिला परत आणायचं कसं, हे घरात कुणालाच कळत नव्हतं.

लतिकाने आधी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. फरक पडेना. मग म्हणाली, "हे सगळं त्या भुताच्या गेममुळे. माळ्यावर टाकते." ती कोकणातली, वस्तू माळ्यावर टाकायची तरी स्वच्छ करून टाकणारी. केसातली पिन काढून माझ्या खाचा कोरायला बसली. काळी, वाळकी घाण निघाली. तिने ती नखावर घेऊन नाकाशी नेली, आणि थांबली.

"ही वाघळांची घाण. आमच्या गावच्या देवळात असायची. आपल्या घरात कुठून आली?"

संकेत अभ्यासाच्या वहीत डोकं घालून बसला. मुलगा रविवारी दुपारी आपणहून वही उघडतो तेव्हा आईने काय समजायचं ते समजावं. लतिकाने आवाज चढवला नाही. मला मशीनला जोडलं आणि ऐटीत मांडी घालून बसली.

"ये, मला शिकव. काय आहे यात, बघू तरी."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी अनेक हातांत गेलो, पण असा खेळ पाहिला नाही. ती प्रत्येक दार उघडण्याआधी "कोण आहे का आत?" असं विचारायची. रिकाम्या खाटांवरच्या चादरी विस्कटलेल्या बघून "शी, काय हॉस्पिटल आहे," म्हणायची. आणि मी थरथरू लागलो तशी दचकली.

"अगं बाई! हा हलतोय!"

"तो येतोय म्हणून. पळ आई!"

संकेतचा अंगठा पुढे गेला. त्याला आवरेना. सवय ती सवय. बॅटरी लिफ्टमध्ये गेली, दार लागलं. लतिकाच्या अर्ध्या पडद्यावर काळोख. चर्र, चर्र. तिच्या हातात मी थडथड उडत होतो. तिने मला खाली ठेवलं नाही, शेवटपर्यंत धरून राहिली. मग पडदा लाल झाला.

"पुढच्या मजल्यावर जिवंत होतेस तू," संकेत हळूच म्हणाला.

"ते कळलं." ती त्याच्याकडे बघत होती, टीव्हीकडे नाही. "सुरूला असंच सोडलंस? कुठे? किल्ल्यात?"

संकेत रडला. सगळं सांगितलं. दारात सुरुची उभी होती. शपथ तिने मोडली नव्हती, त्यानेच मोडली. लतिकाने मारलं नाही. मग मला संकेतच्या मांडीवर ठेवलं.

"आजपासून हा तुझा. पहिला तिचा. खेळायचं की नाही, कधी खेळायचं, ते ती सांगेल. तोवर हात लावायचा नाही मशीनला."

अकरा दिवस ती काही म्हणाली नाही. संकेत रोज शाळेतून आला की मला मांडीवर घेऊन बंद टीव्हीसमोर बसायचा. विचारायचा नाही, बसायचा. बाराव्या दिवशी ती आली, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली आणि पहिला रिमोट उचलला.

"शेवटचा मजला. वीज जायच्या आत."

शेवटच्या मजल्यावर लिफ्ट नव्हती. होतं एक लोखंडी दार, साखळीने वर ओढायचं. दुसऱ्याने आत राहून साखळी धरायची, म्हणजे बटण दाबून धरायचं. सुटलं की दार खाली. पहिल्याने बाहेर जायचं, तिथून वळसा घालून यायचं आणि दाराला टेकू लावायचा. मग दोघं सुटणार. पण बाहेर गेलेल्याने वळसा घातलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. बाहेर सरळ रस्ता होता. एकट्याने गेलं तरी गेम त्याला विजयी म्हणायचा.

संकेतने साखळी धरली. सुरुची बॅटरी घेऊन बाहेर गेली. तिच्या अर्ध्या पडद्यावर पहाट, रस्ता, झाडं. त्याच्या अर्ध्या पडद्यावर काळोख.

आणि मी थरथरू लागलो.

संकेत दचकून माझ्याकडे बघू लागला. पहिला रिमोट वापरणाऱ्या या मुलाला दोन महिन्यांत हे कधी कळलंच नव्हतं. आधी बारीक, बोटांच्या टोकांना. मग तळहातांत. मग मनगटांतून वर.

"सुरू... तो येतोय."

"माहितीये."

ती रस्त्यावर उभी होती. हलत नव्हती.

"तुला रोज असं व्हायचं?"

"हो."

चर्र, चर्र. मी आता त्याच्या हातात मावत नव्हतो. त्याचा घाम माझ्या बटणांत उतरत होता. बटण सोडून पळायला मजल्यावर एक कोपरा होता, तो त्याने उजेड होता तेव्हाच पाहिला होता. मला वाटलं, हा आता सुटणार. बत्तिसावी वेळ. मी मोजायला तयार होतो.

"मी नाही सोडत," तो म्हणाला. "तू घे तुझा वेळ."

सुरुचीचा अंगठा हलला. कुठल्या दिशेला, ते मात्र कुणालाच कळलं नाही. कारण त्याच क्षणी वीज गेली. वेळापत्रकाप्रमाणे अजून दहा मिनिटं बाकी होती, पण वीज कधी वेळापत्रक वाचते? टीव्ही विझला. पंखा थांबला. हिवाळ्यातली संध्याकाळ, खिडकीबाहेर सगळ्या इमारती एकदम काळ्या. लतिका खाली भाजी घ्यायला गेली होती. घरात दोघंच.

मी गप्प झालो. वायर जोडलेली असूनही मेलेला. पण माझ्या भोवतीचे हात थरथरत होते. मी नाही, तो.

सुरुचीचा श्वास ऐकू येत होता, लहान लहान, तुटक. भुयारात होता तसाच. माझ्यासारख्या मेलेल्या प्लास्टिकलासुद्धा भीती वाटली, की आता ही पुन्हा भिंतीला चिकटणार, आणि या वेळी बोलणार नाही ती कायमचीच.

"दादा?"

"इथेच आहे. हललो नाहीये."

"नको हलू. मी मेणबत्ती आणते."

तिची पावलं ऐकू आली. एक, दोन, मग थांबली. मग पुन्हा. तोंडाने ती काहीतरी बोलत होती, सारखं, कृष्णाबाई बोलत आल्या होत्या तसं. "ही भिंत. हा फ्रिज. हे दार." स्वयंपाकघरात भांडं पडलं. संकेत उठू लागला आणि पुन्हा बसला, कारण तिने हलू नको सांगितलं होतं. ड्रॉवर ओढल्याचा आवाज. काडी एकदा खरवडली, पेटली नाही. पुन्हा खरवडली.

मग पॅसेजच्या भिंतीवर पिवळा उजेड डुलत आला. त्याच्या मागे ती. चेहरा भिजलेला, हात मेणाने भाजलेला, पण आली. तिने मेणबत्ती त्याच्या हाताजवळ धरली आणि बघितलं. संकेतचं बोट अजून माझ्या बटणावर दाबलेलं होतं. नख पांढरं पडलं होतं.

"वेडा," ती म्हणाली. "वीज गेलीये. सोड आता."

ते दार त्यांनी पुढच्या रविवारी उघडलं. चार मिनिटांत. तिने वळसा घातला, टेकू लावला, दोघं बाहेर. गेमने काय बक्षीस दिलं, आज त्या दोघांपैकी कुणालाही सांगता यायचं नाही. मेणबत्ती मात्र दोघांना आठवते.

त्याला बरीच वर्षं झाली. मशीन बिघडलं, नवं आलं, त्याच्या रिमोटला वायरच नाही. मी बुटांच्या एका खोक्यात आहे. जोडीला तो मुका पहिला रिमोट. तो अजून भिंतीची तक्रार करतो, आणि मी ऐकतो. माझी मोटर बहुधा गंजली असेल. खात्री करायला कुणी वायर जोडत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं. हरलात तर रिमोट भिंतीवर मारू नका. मुका झालेला रिमोट तुम्हाला बिनधास्त करतो, आणि शेजारच्याला किती भीती वाटतेय ते कळू देत नाही. कधीतरी पहिला ठेवून दुसरा हातात घ्या. आणि उजेड तुमच्या हातात असताना दाराकडे निघालात, तर एकदा मागे वळून तो जमिनीवर टाका, मागच्याला पाऊल दिसेल इतका.

कुणी बघत नाही असं समजू नका. दुसरा रिमोट मोजत असतो.